मी पत्त्यांची भाषा सोडते

२ एप्रिल १९३८, शनिवार. सकाळी.

निश्चय. आजपासून बोलण्यात पत्ते बंद.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे मोह झाला तर वाचता येईल. प्रयागबाई माळीण रोजच्यासारखी मळ्यातून पाटी घेऊन आली. मी म्हटलं, आज उतारी तुझी, काढ काय चांगलं आहे ते. वांगी किडकी निघाली तेव्हा म्हटलं, ही दुर्री-तिर्री मला नको, एक्के खाली दडवलेस वाटतं. मेथी घेताना आणखीही काही बोलले असेन. तर तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, ‘बाई, तुमी भाजी घेता का जुगार खेळता? आमच्या बुढ्याची ही बोली सोडवता सोडवता माहे केस पिकले, आन् आता तुमी!’ बुढा म्हणजे तिचा नवरा पुंजाजी.

जुगार! नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईला! आमच्या सिस्टर अ‍ॅग्नेस पावसाळ्याच्या दुपारी आम्हा चौघींना पत्त्यांतला व्हिस्ट शिकवायच्या. पॉलिश केलेलं मोठं टेबल, खिडकीवर टपटपणारं पाणी, त्यांच्या बाहीला येणारा साबणाचा वास. ‘पानं छातीशी धर, मुली. चेहरा मोकळा, पानं मिटलेली.’ आयुष्यात मला एवढा एकच उपदेश पुरला. याला जुगार म्हणतात?

पण भाषा भ्रष्ट होऊ नये, हे खरं. आजपासून बंद.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

दंड ठरवला. एक चूक झाली की एका वेळचा चहा बंद. आतापर्यंत सोमवार सकाळपर्यंतचे चहा गेले.

३ एप्रिल, रविवार.

डोकं दुखतं आहे. चहा हे औषध आहे, चैन नव्हे, तेव्हा दंडाचा नियम रद्द. शिवाय नियमात थोडी दुरुस्ती: ‘डाव’ आणि ‘भिडू’ हे शब्द चालतील, कारण त्यांना दुसरे शब्द नाहीत. ‘हुकूम’ही चालेल, तो सरकारी शब्द आहे. आणि रोजनिशीत काहीही चालेल, कारण ही कोणी वाचत नाही.

एवढं सोडून बाकी निश्चय कायम.

५ एप्रिल, मंगळवार.

मी सोडलं तेव्हा लक्षात आलं, ही साथ गावभर आहे. अकोल्याच्या साप्ताहिकाचा अग्रलेख: ‘मंत्रिमंडळाने हातचा एक्का दाबून ठेवला आणि शेवटी दुर्रीने बाजी मारली.’ हुकूम कोणता ते लिहिलेलंच नाही! हुकूम ठाऊक नसताना दुर्रीचं मोल कसं ठरायचं? दवाखान्यातला कंपाउंडर माझा गुडघा दाबून म्हणतो, ‘बाईसाहेब, गुडघ्यानं पत्ते उघड केले आता.’ काल कीर्तनात बुवा म्हणाले, पानं वाटणारा तो वर बसला आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानंही विचारलं नाही, मग पिसतो कोण? आणि परवा गल्लीतले कारकून वारले, तिथे समाचाराला आलेला एक जण विधवेसमोर म्हणाला, ‘डाव अर्धा टाकून गेले हो!’ त्या बाईनं पदर तोंडाला लावला. मला तर त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

यावर निबंध लिहून त्याच साप्ताहिकाला पाठवायचा. नाव: ‘पत्त्यांच्या उपमा – एक रोग’. पहिलं वाक्य सुचलं: ‘या विषयावर मी आज माझे पत्ते उघड करते.’

खोडलं. उद्या ताज्या डोक्यानं लिहीन.

७ एप्रिल, गुरुवार. दुपारी दोन.

लिलीचं पत्र!! जावयांची बदली मेळघाटात झाली. रंगराव रेंजर झाले हे चांगलं, पण तिथे शाळा नाही, डॉक्टर नाही, आहे ते जंगल. रुपा चौथी पास झाली, आता पुढं काय? लिली लिहिते, तिला तिच्या एखाद्या आजीकडे ठेवावं असं चाललं आहे. ‘आई, तुला झेपेल का? मोकळेपणानं कळव.’

दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा वाचलं. आमचे वकीलसाहेब गेल्याला चार वर्षं झाली. एवढ्या मोठ्या घरात दिवसभर माझ्याशी बोलणारं कोणी असेल तर प्रयागबाई, तेही वांग्यांबद्दल.

रुपा दहा वर्षांची आहे. डावा दात पडला होता, तो आता आला असेल.

पण घाई नको. ‘पाठव’ म्हणून लगेच लिहिलं तर काय वाटेल? म्हातारी टपूनच बसली होती. समोर कोण आहे ते आधी पाहावं. समोर आहेत रिसोडच्या आमच्या विहीणबाई, सोजरबाई. त्यांच्या हातात काय आहे? एक म्हैस. माझ्या हातात? इंग्रजी, बाजाची पेटी, हवेशीर घर, आणि मुख्य म्हणजे आमच्या वाशीमची शाळा. मुलींना इंग्रजी शिकवतील असं रिसोडला काही नाही. हुकूमच माझा आहे. अशा वेळी ओरडायचं नसतं.

त्याच दिवशी, पाच वाजता.

आमचा गुरुवारचा खेळ झाला. हबीबसेठ अत्तरवाल्यांच्या मेहरुन्निसाबी आल्या होत्या, आणि पोस्टमास्तरीणबाई. पाच-तीन-दोन खेळलो. मेहरुन्निसा ही माझी वीस वर्षांची भिडू, तिला पत्र दाखवलं. म्हणाली, ‘आपा, मग सोचता काय? दिलात हाये तर लिहून टाका. नातीशी कसला पर्दा? पर्दा तर मी करतो, आन् मलेही तुमच्याइतका जमत नाही.’

भोळी आहे. म्हणून तर दर वेळी तिचेच हात ओढले जातात.

१२ एप्रिल, मंगळवार.

सहा मसुदे झाले. पहिल्यात ‘रुपाला ताबडतोब पाठव’ असं होतं, तो फाडला. अखेर आज कार्ड टाकलं: ‘माझी हरकत नाही. परंतु माझ्यासाठी म्हणून काही ठरवू नका, तुमच्या सोयीनं पाहा. माझे दिवस इथे उत्तम चालले आहेत.’

याला म्हणतात खेळणं. आता ओढ त्यांना लागेल.

कार्ड टाकून परत येताना वाटेत प्रयागबाई भेटली. मी मजकूर सांगितला. म्हणाली, ‘काहून असं लेहलं, बाई? पोट्टी पायजे तर पायजे म्हनाव. कारल्याच्या येलाले बी मांडव दाखवा लागते, तवा तो चढते.’

तिला काय कळणार. फय्याज सुताराला एक लहान पलंग सांगितला आहे. गुपचूप. कोणाला कळता कामा नये.

२० एप्रिल, बुधवार.

पलंग आला. सागवानी, छान. माजघरात ठेवला आणि वर जुनी पांघरुणं रचली, म्हणजे अडगळ वाटेल.

निबंध: दुसरं वाक्य झालं. खोडलं.

२४ एप्रिल, रविवार.

आली! तिघंही सर्व्हिस मोटारीनं अकोल्याहून आली. दोन दिवस इथं राहून पुढे रिसोडला जाणार. धुळीनं तिघांचे चेहरे एकसारखे झाले होते. रुपा उतरल्या उतरल्या म्हणाली, ‘आजी, मला उलटी झाली. मोटारीत नाही, बाहेर.’ मी तिचा चेहरा धुतला. दात आला आहे. किंचित वाकडा.

दुपारी तिच्याशी झब्बू खेळले. तिला खेळता येत नाही. पान आलं की सरळ मला दाखवते. ‘आजी, आजी, बघ, राणी आली माझ्याकडे!’ मी सांगितलं, अगं, असं दाखवायचं नसतं. म्हणाली, ‘का? तुला पण आवडेल ना बघायला.’

शिकवावं लागेल. वेळ भरपूर आहे. बघता बघता तयार होईल.

२५ एप्रिल, सोमवार. रात्री जेवणानंतर लगेच.

आज मी जे केलं त्याचा मला अभिमान वाटतो.

जेवताना रंगराव म्हणाले, ‘आई, तुम्हाला त्रास होणार नसेल तर रुपाला इथे ठेवावं म्हणतो.’ मी पास म्हटलं. म्हणजे शब्दानं नव्हे. शब्दानं म्हणाले, ‘कशाला? एवढ्या लहान पोरीला माझ्यासारख्या म्हातारीजवळ करमायचं नाही.’ हात भाजीच्या पळीवरून हलू दिला नाही. लिली माझ्याकडे बघत होती. रुपाचं लक्ष कुरडईत होतं.

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. ‘शाळा इथंच आहे, तेव्हा...’ मी म्हटलं, ‘तिच्या दुसऱ्या आजीचाही हक्क आहे. त्यांना आधी विचारा.’ हे पान तर मी सहज टाकलं, आणि किती डौलात!

आता तिसरं विचारणं. आमच्याकडे तिसरं विचारणं हेच खरं विचारणं. पुरणपोळीसुद्धा पहिल्या दोन आग्रहांना ‘नको’ म्हणूनच घ्यायची असते, लहानपणापासून हेच बघत आले. तिसऱ्यांदा विचारलं की मी डोळे पुसणार होते आणि म्हणणार होते, ‘बरं, तुमचा एवढा आग्रह असेल तर...’ वाक्य तयार होतं.

रंगराव म्हणाले, ‘ताक आहे का?’

जंगल खात्यातली माणसं. जरा उशिरा विचारतील. उद्या मोटारीच्या वेळी नक्की.

२६ एप्रिल, मंगळवार.

मोटार वेळेवर सुटली. हे आजवर कधी झालं नव्हतं.

२ मे, सोमवार.

पत्र नाही. तेच बरं. रिसोडला पोचून त्यांनी चौकशी केली असेल, तिथे मुलींच्या इंग्रजीची सोय नाही हे कळलं असेल, आणि आता माझ्याकडे कोणत्या तोंडानं यावं याची चर्चा चालली असेल. लाजू देत थोडे.

रुपाच्या केसांसाठी रिबिनी आणल्या. निळ्या. माझ्याकरताच आणल्या, खिडकीच्या पडद्यांना बांधायला, असं दुकानात सांगितलं.

६ मे, शुक्रवार.

मेहरुन्निसाच्या सुनेनं, ताजबीनं, विचारलं, ‘खाला, तुमची नात कधी येऊन राह्यली?’ मी म्हटलं, अजून उतारी त्यांची आहे. ती सासूकडे बघू लागली. मेहरुन्निसा म्हणाली, ‘म्हणजे आपालेही माहीत नाही.’ आणि दोघी हसल्या. माझी भिडू हल्ली पानं नीट बघत नाही.

१५ मे, रविवार.

लिलीचं पत्र आलं. चार पानी. शांतपणे लिहून काढते.

ती लिहिते, रिसोडला बैलगाडी दारात थांबली आणि सोजरबाई चुलीपुढून तशाच पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. रंगराव अजून खाली उतरले नव्हते. रुपाला पोटाशी धरलं, तिच्या झग्यावर दहा बोटं उमटली, आणि मुलाला म्हणाल्या, ‘हे पोट्टी मले दे, बावा. तुहा बाप गेल्यापासून मले घर खाऊन राह्यलं. मी पाया पडतो तुह्या, पन हिले मले दे.’ लिली लिहिते, त्या हमसून रडल्या, मग रंगरावही रडले.

पहिल्याच झटक्यात सगळी पानं खाली! मुलाच्या पाया पडतो म्हणणं! मला वाचतानाच लाज वाटली.

पुढं आहे: रंगराव म्हणाले, शाळा तर वाशीमला आहे. तर त्या म्हणाल्या, ‘मंग मी वाशीमले येतो. शाळा कायले हटते? मी हटतो.’

शेवटी लिली लिहिते: ‘तुझे दिवस उत्तम चालले आहेत, तुला आमचा भार नको, हे यांनी समजून घेतलं आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. आम्हाला राग नाही.’

१६ मे, सोमवार.

रात्री झोप लागली नाही, पण आता डोकं स्वच्छ झालं. ही थाप आहे. सोजरबाईंच्या हातात काहीच नाही, नुसता चेहरा आहे. सत्तावन्न वर्षांची बाई, जन्म रिसोडात गेला. ती वावर सोडेल? म्हैस सोडेल? शक्य नाही. जूनमध्ये थाप उघडी पडेल आणि रुपा इथे येईल. तोवर मी काहीच लिहायचं नाही. एक अक्षर नाही.

गावात हल्ली जो तो ‘बाईंचा हुकूम चालला नाही वाटतं’ म्हणतो. पोस्टमास्तरीणबाई तर तोंडावर म्हणाली. हे किती हलकं बोलणं आहे! एकटेपणाच्या गोष्टीला पत्त्यांची उपमा! माझ्या निबंधात हे घालायला हवं.

११ जून, शनिवार.

म्हैस सोडली नाही. बरोबर आणली.

सकाळी घरावरूनच गेली बैलगाडी. पुढे सोजरबाई, मांडीवर जातं की पाटा काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं. मागे म्हैस. म्हशीच्या मागे, दोरीचं टोक धरून, माझी नात. अनवाणी. माझ्या दाराशी थांबून ओरडली, ‘आजी, आम्ही आलो! ही बघ आमची म्हैस!’

सोजरबाईंनी गाडीतूनच हात जोडले. ‘येजा हो बाई, मळ्यात खोली भेटली.’

कोणत्या मळ्यात?

त्याच दिवशी, अकरा वाजता.

प्रयागबाईच्या! मी तिला अंगणातच गाठलं. माझ्या इतक्या वर्षांच्या माळणीनं माझ्या विरुद्ध बाजूला बसावं! ती पाटी खाली ठेवून शांतपणे म्हणाली, ‘इरुद्ध कायचं? तुमीच तर सांगतलं, म्या लेहलं का मले गरज नाही म्हून. तिनं इचारलं, खोली हाये का. म्या म्हनलं, हाये. हाये तर हाये म्हनाव ना, बाई?’

भेंडी परत केली. मग बोलावून पुन्हा घेतली.

१९ जून, रविवार.

मी जायचं नाही असं ठरवलं आहे. येतीलच त्या. म्हशीला चारा लागतो, मुलीला इंग्रजी लागतं. दोन्हींपैकी एक माझ्याकडे आहे. फक्त थांबायचं.

२८ जून, मंगळवार.

रुपा आठ दिवसांत तीनदा आली. दोनदा दूध घेऊन, एकदा उगीच. दर वेळी पाच मिनिटं. ‘जाते, आजी वाट बघून राह्यली.’ राह्यली! हे ती दोन महिन्यांत शिकली. मी तिला पेटीवर दोन सूर दाखवले. तिसऱ्या सुराच्या आधी पळाली.

जाताना दारात म्हणाली, ‘बाबा म्हणाले, या आजीला एकटं राहायला आवडतं, फार त्रास द्यायचा नाही. पण मला आज यावंसं वाटलं. चालेल ना?’

मी म्हटलं, ‘चालेल.’

आणखी काय म्हणणार होते ते सुचेपर्यंत ती कोपऱ्यावरून वळली होती.

४ जुलै, सोमवार.

आज शाळा सुरू झाली. मला खोली दिसेल अशा बेतानं, पण सहजच, चारच्या सुमारास मळ्याकडे फिरायला गेले. सोजरबाईंनी लांबूनच पाहिलं. ‘या बाई, बसा.’ घोंगडी अंथरली. रुपा दाराशी बसून इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकातली अक्षरं गिरवत होती. बी उलटा काढत होती.

सोजरबाई म्हणाल्या, ‘मले कायी समजत नाही यातलं. पोट्टी इचारते, मी मान हालवतो. तुमी शिकवसान का रोज येऊन? नाही तर तिले तुमच्याकडं धाडतो. तुमची सोय तसं.’

एवढं सरळ मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. रुपानं पाटीवरून मान वर केली.

आणि मी म्हटलं, ‘बघू. सवड काढायला हवी.’

का म्हटलं? कोणाला दाखवायला?

‘बरं,’ सोजरबाई म्हणाल्या. ‘मास्तरले सांगतो मंग.’ त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांच्याकडे विचारलं की विचारलेलं असतं, आणि सांगितलं की सांगितलेलं.

घरी आले. चहा केला. घड्याळात साडेचार. त्यानंतर निजेपर्यंत मला काहीही काम नव्हतं. उद्याही नाही. परवाही नाही. सवड काढायची ती कशातून?

चहा तसाच ठेवून परत निघाले. गुडघा दुखत होता तरी भरभर चालले. वाटेत वाक्य जुळवत होते, मग जुळवणं सोडून दिलं. खोलीला कडी होती. दोघी म्हशीला नाल्यावर घेऊन गेल्या असाव्यात.

परत फिरावंसं वाटलं. पण उंबऱ्यावर बसले. लुगड्याला शेण लागलं.

प्रयागबाई पालेभाजीचा भारा घेऊन जाताना थांबली. ‘बाई, इथं काहून बसल्या? काही पायजे होतं का?’

म्हटलं, ‘रुपा पाहिजे.’

तिनं भारा खाली ठेवला. म्हणाली, ‘मंग बसा. येतीन आता.’